चाळिसावा काप

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांची सगळी माहिती आमच्याकडे आली होती. मुलगा छापखान्यात नोकरीला, वडील बसचालक म्हणून निवृत्त, आई प्रयोगशाळेत. आई तिथे नेमकं काय करते हे आमच्याकडून कुणी विचारलं नाही आणि त्यांच्याकडून कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर आठवडाभराने मीच सहज विचारलं, "आई, तुम्ही दिवसभर काय करता हो तिथे?" सासूबाई हात पुसत म्हणाल्या, "उंदरांची हृदयं कापते." आणि टॉवेल जागेवर टांगून टीव्ही बघायला निघून गेल्या.

मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, त्यातही चुण्यांचे स्कर्ट जास्त. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. कापाकापीचं मला वावडं नाही, तरी हे ऐकल्यावर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पुढे सवय झाली. जेवताना त्या "आज एक हृदय फार कडक निघालं" म्हणाल्या तरी मी निवांत ताटं वाढत राहायची.

त्यांचं काम असं होतं. उंदराचं हृदय वाटाण्यापेक्षा जरा मोठं. ते गोठवून घट्ट करायचं आणि यंत्रात बसवायचं. यंत्र म्हणजे छोटा फ्रीजच, फक्त आत एक पातं. बाहेरचं चाक एकदा फिरवलं की बेकरीत पाव कापतात तसा एक काप निघतो, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागेल इतका पातळ. तो बारीक ब्रशने सरळ करायचा, काचपट्टीवर उचलायचा आणि रंगवायचा. रंगवला की त्यातली चरबी तेवढी लाल होते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला लाल जितकं जास्त, तितकी ती वाहिनी बुजत चाललेली. बस, एवढंच. हे एवढंच त्यांनी तीस वर्षं केलं.

यातली खरी मेख होती काप घेण्याच्या जागेत. हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते तिथे एक झडप असते, तिला तीन पाकळ्या. कापत गेलं की एका ठिकाणी त्या तिन्ही पाकळ्या पहिल्यांदा पूर्ण दिसतात. तिथून एक, दोन, तीन असं मोजायचं आणि चाळिसावा काप रंगवायला घ्यायचा. प्रत्येक उंदराचा चाळिसावाच. तरच एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. आई हे ओठ हलवत मनातल्या मनात मोजायच्या, आणि मधे कुणी बोलायला आलं तर एक बोट वर करायच्या. बोट खाली येईपर्यंत समोरच्याने गप्प उभं राहायचं. एकदा संस्थेचे संचालक पाहुण्यांना घेऊन आले होते. तेही पाहुण्यांसकट उभे राहिले, असं सगळे सांगतात. ती सवय घरीही आली होती. चहाच्या पुडीचे चमचे मोजताना सुद्धा आमच्याकडे बोट वर व्हायचं आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, अर्ध्या वाक्यावर थांबायचे.

बाबांना कुणी थांबवणं ही काही साधी गोष्ट नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली, तेव्हा रस्ता आपल्या बापाचा आहे अशी त्यांची समजूत पक्की झाली होती. डॉक्टर, औषधं, पथ्य हे सगळं त्यांच्या मते दुसऱ्यांसाठी असतं. याला कारण त्यांची आई. ती सत्त्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या वर्षापर्यंत स्वतःचं अंथरूण स्वतः घालायची आणि बाबांना "ए पोरा" म्हणून हाक मारायची. "मी त्या म्हातारीचा मुलगा आहे," असं ते कशावरही म्हणायचे, अगदी मीठ कमी करा म्हटलं तरी.

आईंच्या मॅडमचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, सगळं संशोधन असल्याच म्हाताऱ्यांवर होतं. मॅडम वयाने आईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण मनाने सरळ. नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या रक्तात एक प्रथिन इतरांपेक्षा जास्त असतं, असं त्यांना आढळलं होतं. आई मला समजावून सांगायच्या. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. (अस्तर म्हटल्यावर मला लगेच कळलं.) ते अस्तर खरबरीत झालं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात, आत शिरतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांचा थर वाढत गेला की वाट अरुंद होते. हे प्रथिन अस्तर गुळगुळीत ठेवतं, पेशींना चिकटू देत नाही, असा मॅडमचा अंदाज होता. प्रयोगशाळेत त्या प्रथिनाला एक लांबलचक आकडी नाव होतं. आमच्या घरात ते बाबांच्या आईवरून, म्हणजे माझ्या मुलीच्या पणजीवरून, 'पणजीचं प्रथिन' झालं.

प्रयोग साधा होता. चोवीस उंदीर, सगळ्यांना चरबीचं खाणं. बारांना ते प्रथिन टोचायचं, बारांना नुसतं पाणी. चार महिन्यांनी हृदयं आईंकडे. कुठलं हृदय कुठल्या उंदराचं हे आईंना कळू नये म्हणून प्रत्येकावर नुसता आकडा, आणि आकड्यांची यादी मॅडमच्या कपाटात बंद.

तो प्रयोग चालू होता त्याच काळात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आधी जिना चढताना, मग बाजारातून येताना, मग नुसतं अंघोळ करताना. ते "गॅस" म्हणत राहिले. माझ्या नवऱ्याने शेवटी जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. अँजिओग्राफी झाली. तीन वाहिन्या तुंबलेल्या, त्यातली एक मुख्य. सर्जननी सांगितलं, बायपास करावं लागेल, उशीर नको. पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारची तारीख मिळाली.

आई त्या दिवसापासून बोलेनाशा झाल्या. त्यांच्या मोठ्या भावाचं, सगळे त्याला दादा म्हणायचे, वीस वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं होतं. तो टेबलावरून परत आला नाही. आई त्याबद्दल कधी बोलत नसत, त्यामुळे आम्हीही विचारत नव्हतो.

आणि मग, त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी, आई कामावरून येताना केक घेऊन आल्या. कुणाचाही वाढदिवस नव्हता. मॅडमनी कपाट उघडलं होतं. "निम्मी," आई दारातूनच म्हणाल्या. "प्रथिन दिलेल्या उंदरांत चरबी निम्मी. मॅडमनी तीनदा गणित केलं. तीनदा निम्मी."

आईंना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. मॅडम शोधनिबंधात त्यांचं नाव घालणार होत्या, तीस वर्षांत पहिल्यांदा, पण ते त्यांनी मला नंतर, भांडी आवरताना सांगितलं. त्या वेळी त्या फक्त बाबांकडे बघत होत्या. बाबांनी केकचा दुसरा तुकडा घेतला (पहिलाही त्यांना चालत नव्हता) आणि म्हणाले, "म्हणजे आईने मला वरूनच औषध पाठवलं म्हण की. मग कापाकापी कशाला? येऊ दे तुझं औषध."

मला वाटलं थट्टा करतायत. मंगळवारी सकाळी त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. माझ्या नवऱ्याने आकांडतांडव केलं. बाबा ढिम्म. मी आईंच्या तोंडाकडे बघत होते, आता त्या काहीतरी बोलतील म्हणून. त्या म्हणाल्या, "बघू थोडे दिवस. गोळ्या तर चालू आहेत." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. खोटं कशाला बोलू.

पुढचे एकोणीस दिवस घरात अगदी मजेत गेले. बाबा शेजाऱ्यांना उंदरांची गोष्ट सांगायचे, त्यात उंदरांची संख्या रोज वाढायची. छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवायचे आणि आम्हाला दिसू नये म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. माझं जुनं शिलाई मशीन गेल्या महिन्यात मोडलं आणि मी नवीन घेतलं. नव्या मशीनवर सहा स्कर्ट शिवले आणि सहाही कमरेत दोन बोटं कमी भरले. सोमवारी ते शाळेत द्यायचे होते. मी एकेक चुणी उसवत बसले होते. आई चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या आणि त्याही उसवू लागल्या.

"माप चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"माप बरोबर आहे. मी चुणी टेपने मोजत नाही ना. आधी मोठी शिलाई मारते आणि टाके मोजून दुमडते. बारा टाके आत, बारा बाहेर. दहा वर्षं तसंच करतेय."

"मग?"

"नव्या मशीनवर टाक्याचं बटण तीनवर होतं. जुन्याचं दोनवर. टाकाच मोठा, मग बारा टाक्यांत कापड जास्त जाणारच. चुण्या खोल झाल्या, कंबर आवळली."

"तू बघितलं नाहीस बटण?"

"अहो, जुन्या मशीनचं बटण गंजून दोनवरच बसलं होतं. हलायचंच नाही. त्यामुळे तिकडे बघायची सवयच राहिली नाही."

आईंचे हात थांबले. त्यांनी स्कर्ट मांडीवरून उचलून बाजूला ठेवला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "बारा टाके," त्या म्हणाल्या. आणि उठून थेट दाराबाहेर पडल्या. रविवारी, घरातल्या कपड्यांवर. त्यांच्या पायात एक चप्पल त्यांची आणि एक बाबांची होती, म्हणून मी त्यांच्यामागे धावले, आणि तशीच बरोबर गेले.

सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. पहारेकऱ्याने आईंना ओळखून आत सोडलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना फ्रीजांची घरघर, शेवटी आईंची खोली. तिथेही नुकतंच नवं यंत्र आलं होतं; ते टेबलावर होतं, पांढरंशुभ्र. जुनं त्याच्या खाली जमिनीवर, भंगारात जायची वाट बघत. आई आधी जुन्यापाशी वाकल्या. त्याच्या एका बाजूला छोटं चाक होतं आणि त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी. पट्टीच्या कडेला सात हा आकडा.

"ही मी लावली होती," आई म्हणाल्या. "मी नवीन होते तेव्हा. कुणाचा हात लागून चाक फिरू नये म्हणून. सातचा काप, कायम सातचा." मग त्यांनी नवं यंत्र चालू केलं. पडद्यावर चार आकडे उमटले. आतलं तापमान, पात्याचा कोन, आणखी काहीतरी. शेवटचा, कापाच्या जाडीचा आकडा दहा.

त्या स्टुलावर बसल्या. मला सगळं कळायला जरा वेळ लागला, पण बारा टाक्यांचं दुखणं ताजं होतं म्हणून कळलं. प्रयोगाची हृदयं दोन डब्यांत आली होती, एका पिंजऱ्याचा एक डबा. बर्फ सारखा वितळू नये म्हणून आई एक डबा पूर्ण संपवल्याशिवाय दुसरा उघडत नसत. पहिला डबा जुन्या यंत्रावर संपला. मग ते यंत्र बंद पडलं. नवं बसवणाऱ्या माणसाने काप दहाचा लावून दाखवला आणि तो निघून गेला. दुसरा डबा नव्यावर कापला गेला. आईंनी पातं तपासलं, थंडी तपासली, कोन तपासला. जाडी तपासायचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही, कारण तीस वर्षं ते काम चिकटपट्टी करत होती. चाळीस काप त्यांनी बरोबर मोजले. पण दहाचे चाळीस म्हणजे झडपेपासून कितीतरी पुढे.

"आणि पुढे गेलं की चरबी मुळातच कमी असते," आई म्हणाल्या. "प्रथिन द्या नाहीतर पाणी द्या."

"दुसरा डबा प्रथिनवाल्यांचा होता?"

"हो."

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या डब्यात पाकळ्या पुसट दिसत होत्या. मला दिसलं होतं. हृदय तिरकं बसलं असेल म्हटलं. पण मॅडमनी यादी उघडली ना, तेव्हा मला ते परत आठवलं होतं. मी ते बाजूला सारलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र रडू आलं. का ते धड सांगता येणार नाही. इतकी वर्षं जिच्या बोटापुढे संचालक उभे राहिले, ती बाई दोन वेगवेगळ्या चपला घालून बसली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की दोन्ही डब्यांत दोन्ही प्रकारची हृदयं मिसळून द्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आईंची एक सवय इथे कामाला आली. त्या कुठलाच काप फेकत नसत. पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे सगळे काप ओळीने काचपट्ट्यांवर, थंड पेटीत ठेवलेले होते. सातचे चाळीस म्हणजे दहाचे अठ्ठावीस. दुसऱ्या डब्यातल्या प्रत्येक हृदयाचा अठ्ठाविसावा काप काढून रंगवायचा आणि नव्याने मोजायचं. मोजायचं दुसऱ्या कुणीतरी, आकडेही नवे घालून. मॅडम म्हणाल्या, "तीन आठवडे लागतील. तोवर बाहेर बोलू नका. कदाचित फरक टिकेलही."

आईंनी हे सगळं मला संध्याकाळी बसस्टॉपपासून घरापर्यंत चालताना सांगितलं. मी त्यांना घ्यायला गेले होते. मी विचारलं, "मग बाबांना?"

त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. तीन आठवडे गप्प राहायला त्यांना मॅडमनीच सांगितलं होतं. फरक टिकला असता तर बाबांना काही सांगायची वेळच आली नसती. आणि सांगितलं तर बाबा टेबलावर जाणार, दादा गेला त्याच टेबलावर.

बाबा पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी वर्तमानपत्र वाचत होते. आई चप्पल न काढताच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, ते निम्मं खरं नाही."

"कसलं निम्मं?"

"उंदरांचं. माझ्या हातून चूक झाली. काप चुकीच्या जागेवरून घेतले गेले."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "म्हणजे औषध खोटं?"

"माहीत नाही. तीन आठवड्यांनी कळेल."

"मग थांबू की तीन आठवडे. काय घाई आहे?"

"नाही थांबायचं," आई म्हणाल्या. "खरं ठरलं तरी ते उंदरांसाठी खरं. माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील, वीस लागतील, कदाचित येणारच नाही. आणि आलं तरी ते वाट बुजू नये म्हणून. बुजलेली मोकळी करायला नाही. हे मला केक आणला त्या दिवशीही माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही तारीख रद्द केलीत आणि मला बरं वाटलं." त्या आता खाली बसल्या, माझ्याच स्टुलावर. "दादाच्या कागदावर सही मी केली होती. वहिनी घाबरली होती, म्हणून मी केली. मला तुमच्या कागदावर सही करायची नव्हती. म्हणून मी उंदरांच्या मागे लपले."

बाबांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. "मी सत्त्याण्णव वर्षांच्या बाईचा मुलगा आहे."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेल्या माणसाचेही आहात. तुमच्या वाहिन्यांचा फोटो मी बघितलाय. सासूबाईंचं त्यात काहीच दिसत नाही, सगळं मामंजींचं आहे."

मी शिलाईत डोकं घालून बसले होते आणि एकही टाका घातला नव्हता. बाबा खिडकीपर्यंत गेले, परत आले. "सही तू करशील?" त्यांनी विचारलं.

"करीन."

"हात कापला तर?"

"माझा हात कापत नाही."

हे मात्र खरं होतं. बाबांनी फोन माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "विचार त्यांना, कधी येऊ. आणि सांग, जेवणात मीठ असू दे."

शुक्रवारची तारीख मिळाली. सही करताना आईंचा हात खरंच कापला नाही, मी बघत होते. बाबांना आत नेताना त्यांनी सर्जनना थांबवून विचारलं, "तुमच्या यंत्रावरचे आकडे कुणी बघितलेत ना? आमच्या घरी त्यावरून फार झालंय." सर्जननी कोऱ्या चेहऱ्याने आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "बघून घ्या एकदा." आणि सर्जननी खरंच आत जाऊन कुणाला तरी काही विचारलं, असं मला काचेतून दिसलं.

पाच तास आम्ही बाहेर बाकावर होतो. माझा नवरा येरझाऱ्या घालत होता. आई सरळ बसून समोरच्या भिंतीवरच्या फरशा बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. एक ते चाळीस, पुन्हा एक ते चाळीस. दार उघडून नर्स आली आणि म्हणाली, "नातेवाईक कोण?" आईंचं बोट वर गेलं. नर्स बिचारी गोंधळून उभी राहिली. मला ते बोट धरून खाली ओढावंसं वाटलं. आईंनी चाळीसपर्यंत नेलं, बोट खाली केलं आणि म्हणाल्या, "बोला."

"झालं नीट. डॉक्टर येतायत."

सर्जन आले, टोपी काढून बाकावर आमच्या शेजारीच बसले. मुख्य वाहिनीत आता केसाएवढी वाट उरली होती, म्हणाले. "आठवडा निघाला असता. फार तर दोन. तुम्ही तारीख का पुढे ढकलली होती?"

माझ्या नवऱ्याने काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं. आई त्याच्या आधी म्हणाल्या, "माझ्यामुळे. बावीस दिवस."

घरी जाताना रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "तीन आठवडे थांब म्हणत होते, सगळेच. मॅडम, हे, आणि मी पण."

तीन आठवड्यांनी मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या, हातात एक कागद. फरक निघाला होता, पण निम्मा नाही. सातव्या भागाएवढा. आणखी उंदीर घेऊन, डबे मिसळून, सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं होतं. आईंचं नाव राहणार होतं, चूक कशी सापडली ते लिहून. बाबा उशीला टेकून ऐकत होते. "म्हणजे म्हातारी अगदीच खोटी नाही," ते म्हणाले, आणि हसल्यामुळे छातीवरचा टाका दुखला तसे गप्प बसले. मॅडमनी जाताना आईंना विचारलं, नव्या यंत्रावरही सातवर कुलूप लावून टाकायचं का. आई नको म्हणाल्या. हल्ली त्या रोज सकाळी पडद्यावरचे चारही आकडे मोठ्याने वाचतात, असं कळलं. घरी येता-जाता माझ्या मशीनचं बटणही बघतात.

बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी इमारतीच्या बोळातून, आधी शंभर पावलं, मग वाढवत न्यायची. आई त्यांच्या बरोबरीने चालायच्या, एक हात त्यांच्या कोपराखाली, आणि ओठ हलवत पावलं मोजायच्या. मी दारात उभी राहून बघायची. मॅडम येऊन गेल्या त्या दिवशी ते बोळाच्या टोकाला पोचून वळले आणि अर्ध्यात आल्यावर बाबा म्हणाले, "अगं, एक सांगायचं होतं." लगेच त्यांनी स्वतःच जीभ चावली, आईंच्या ओठांकडे बघितलं आणि बोट वर व्हायची वाट बघत थांबले.

बोट वर झालं नाही. आईंनी मोजणं सोडून दिलं.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजू."